तुटलेली माळ



गेल्या चातुर्मासात सामायिकाला बसले आणि सासूबाईंच्या चंदनी माळेचा दोरा तुटला. मणी घरभर. मोजले तर 107. अरिहंतांचे 12, सिद्धांचे 8, आचार्यांचे 36, उपाध्यायांचे 25, साधूंचे 27 गुण, मिळून 108. एक कमी कसा चालेल?

कर्जतच्या बाजारात खालापूरकडची एक ठाकर मावशी रानभाजी घेऊन बसते. आपली पालेभाजी बंद, म्हणून कुर्डू-टाकळा सोडून मी तिची कर्टुली तेवढी घेते. तिचा गळा मण्यांच्या सरांनी भरलेला, सगळे तिनेच ओवलेले. तिलाच विचारलं, "शिकवशील का?"

दोऱ्याच्या टोकाला ती मेण लावणार होती. मी म्हटलं, आम्हाला मेण चालत नाही, मधमाश्यांचं ना ते! ती हसली, "मग नखाचा रंग लावा, ताई." लावला, टोक ताठ झालं. प्रत्येक मण्यामागे गाठ मारायची, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मणी सांडत नाहीत. माझी गाठ मण्याला भिडायचीच नाही. दोन दुपारी गेल्या.

कमी पडलेला मणी तिने स्वतःच्या सरातून काढून दिला. पांढरा, काचेचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्यांच्या गळ्यातला, जपाच्या माळेत?" मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोपही नीट लागली नाही. सकाळी मणी धुतला आणि ओवला.

कार्तिकी पौर्णिमेनंतर पालेभाजी घ्यायला गेले, तर मावशीने आधी माळ मागितली. बोटाने गाठी चाचपल्या.

"तीन सैल आहेत. बसा इथं."