चाचांची वायर

अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आमच्या संस्थेचा फिरता दवाखाना चालायचा. त्या कामाबद्दल कुणी विचारलं की मला डॉक्टरांच्या आधी तीन माणसं आठवतात. संगमनेरचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्यांना पुणे-नाशिक रस्त्यावरचे ड्रायव्हर चाचा म्हणायचे. भारतीय सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले अण्णा. आणि राजूरच्या कॉम्प्युटर क्लासमधला एक मुलगा. तिघांपैकी कुणीही रुग्णाच्या नाडीला हात लावला नाही, पण दवाखाना वाडीपर्यंत पोचला तो त्यांच्यामुळे.

घाटघर, रतनवाडी, साम्रद, कुमशेत ही नावं आज पर्यटकांच्या तोंडी आहेत. आमच्यासाठी तो महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांचा मुलूख होता. सरकारी कागदावर गाव एक, पण त्याच्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या. गावठाणात गाडी पोचली म्हणजे आजारी माणसापाशी पोचली असं नाही. वाटा माहीत होत्या त्या आमच्या जुन्या ड्रायव्हरला. ते आजारी पडून घरी बसले तेव्हा लक्षात आलं की वाटांची सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात आहे आणि तिची नक्कल कुठेच नाही.

हे 2006 सालचं. खिशातला फोन वळण सांगायला लागायचा होता आणि राजूर सोडलं की फोनला रेंजही नसायची. जीपीएस मात्र आकाशातल्या उपग्रहांवरून येत होतं आणि त्याला रेंज लागत नव्हती. अमेरिकेने या उपग्रहांच्या सामान्य वापराच्या संदेशात मुद्दाम घातलेली चूक 2 मे 2000 रोजी काढून टाकली, तेव्हापासून साध्या ग्राहकालाही दहा-पंधरा मीटरच्या आत आपली जागा कळू लागली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आम्ही एक रिसीव्हर आणला. मुठीत मावेल एवढी काळी डबी, खाली चुंबक, मागे यूएसबीची वायर. आत त्या काळी नावाजलेली सर्फ स्टार थ्री चिप. डबी टपावर चिकटवायची, वायर दाराच्या रबरातून आत घ्यायची, लॅपटॉपला जोडायची. लॅपटॉप देणगीत मिळालेला, त्याची बॅटरी थकलेली. म्हणजे गाडीतून वीज घेणं आलंच.

वीज जोडून देण्याचं काम एका दुकानाने केलं होतं. डॅशबोर्डवरच्या लायटरच्या सॉकेटमध्ये इन्व्हर्टर खोचला आणि झालं म्हणाले. बारी ओलांडून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत केबिनमध्ये प्लास्टिक तापल्याचा वास भरला. सॉकेटमागची वायर मऊ पडली होती. नव्या ड्रायव्हरने सरळ सांगितलं, गाडी चाचांकडे नेऊ, दुसऱ्या कुणाकडे नको.

चाचांचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पुढे दोन ट्रक बोनेट उघडून उभे. वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी इन्सुलेशन टेपने बांधलेली. त्यांनी सॉकेट बाहेर ओढलं, वायर बोटांनी चाचपली आणि मला म्हणाले, “ताई, ही वायर सिगारेट पेटवायला दिलेली आहे. मिनिटभर चालते. तुम्ही तिच्यावर दिवसभर ऑफिस चालवताय.” मग इन्व्हर्टर हातात घेऊन मागचा आकडा वाचला आणि हिशेब मांडला. लॅपटॉपला 65 वॉट लागतात, इन्व्हर्टर स्वतः थोडे खातो, म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूने सहा-सात अँपिअर सलग ओढले जाणार. त्यासाठी थेट बॅटरीवरून वेगळी लाइन हवी.

मीटर लावून त्यांनी मला तीन आकडे दाखवले. गाडी बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर होती. इंजिन चालू झाल्यावर आकडा चौदाला टेकला. आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला लावला तेव्हा क्षणभर दहाच्याही खाली गेला. त्याच क्षणी इन्व्हर्टर ओरडून बंद पडायचा आणि लॅपटॉपही मान टाकायचा. वाडी-वाडीला गाडी बंद-चालू होणार, मग प्रत्येक वेळी हेच. चाचांनी त्यावर रिले घातला आणि त्याचं बटण चावीच्या अशा लाइनवर घेतलं, जी सेल्फ मारताना आपोआप तुटते. सेल्फ सुटल्यावरच इन्व्हर्टरला पुन्हा वीज मिळायची.

ते काम मी स्टुलावर बसून पाहिलं. चार एमएमची तांब्याची तांबडी वायर, तिच्या टोकाला थिंबल, थिंबल दाबून वर डाख दिलेला. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भोक पाडलं तेव्हा त्याची धार कानशीने मोडली, वर रबरी बूच बसवलं, मगच वायर आत घेतली. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळला आणि गंज धरू नये म्हणून वर ग्रीस चोपडलं. घाटघरच्या पावसात बाकीची पत्रा-पट्टी सडली, तो सांधा सडला नाही.

पण त्यांनी मला समोर बोलावून दाखवला तो फ्यूज. पंधरा अँपिअरचा, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर. मी विचारलं, इन्व्हर्टरपाशी का नाही लावत, बदलायला सोपा पडेल. चाचा म्हणाले, “फ्यूज मशीन वाचवायला नसतो ताई, वायर वाचवायला असतो. मधे कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर बॅटरी सगळा करंट तिथेच ओतणार. तुमचा फ्यूज पलीकडच्या टोकाला नुसता बघत बसेल.” मग मागच्या बाजूला हात केला. मागे स्ट्रेचर होतं, ऑक्सिजनचा सिलेंडर होता. पुढे काही सांगावं लागलं नाही.

लॅपटॉपसाठी त्यांनी प्लायवूडचा पाट करून दिला, त्याखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. हार्ड डिस्कची तबकडी फिरत असते आणि तिच्यावरचं टोक केसाएवढ्या अंतरावरही नसतं. त्या रस्त्यांचे दणके तिला थेट बसले असते तर ती आठवडाही टिकली नसती. पडदा मात्र चाचांनी ड्रायव्हरकडे फिरू दिला नाही, डावीकडच्या सीटवर बसणाऱ्या सिस्टरकडे वळवला. ड्रायव्हरने रस्ता बघायचा, नकाशा दुसऱ्याने वाचायचा, हा त्यांचा आग्रह. आज डॅशबोर्डच्या मधोमध टीव्हीएवढे पडदे बसवतात ते पाहून मला तो आग्रह पुन्हा पुन्हा पटतो.

बिलावर वायर, रिले, फ्यूज होल्डर एवढंच होतं. मजुरीच्या ओळीत आडवी रेघ. मी वाद घातला. ते म्हणाले, दवाखान्याच्या गाडीची मजुरी मी घेत नाही, पुढच्या खेपेला दुकानात या, माझ्या बायकोचं बीपी तेवढं बघा. बीपी आम्ही बघत राहिलो. पण हिशेब तेवढ्याने फिटत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

राजूरच्या मुलाचं काम अर्ध्या तासाचं, पण त्याच्यावाचून सगळं अडलं होतं. रिसीव्हर जोडून लॅपटॉप सुरू केला की पडद्यावरचा कर्सर अंगात आल्यासारखा नाचायचा, आपोआप खिडक्या उघडायच्या. आम्हाला वाटलं व्हायरस. त्याने बघितलं आणि ओळखलं की रिसीव्हर दर सेकंदाला ओळीमागून ओळी पाठवतोय आणि विंडोज त्याला माउस समजून बसलंय. यादीतून तो खोटा माउस बंद केला, पोर्टचा क्रमांक कायमचा ठरवून दिला आणि वायर नेहमी याच भोकात लावायची म्हणून तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. त्याची परीक्षा चालू होती. पेपर देऊन तो थेट गाडीपाशी आला होता.

आता वीज होती, उपग्रह दिसत होते, ओझीएक्सप्लोरर या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रीतसर परवानगीने घेतलेलं टोपोशीट उघडत होतं आणि त्यावर आमचा बाण चालत होता. फक्त तो रस्त्यावर चालत नव्हता. आम्ही डांबरी रस्त्यावर आणि बाण शेजारच्या दरीत. सपाटीवर हे खपून गेलं असतं. सह्याद्रीत शंभर मीटर बाजूला म्हणजे कडा.

अण्णांना कुणीतरी आणलं. त्यांनी आयुष्यभर प्लेन टेबल खांद्यावर घेऊन डोंगर मोजले होते, लॅपटॉपला मात्र हातही लावला नव्हता. पडदा बघून म्हणाले, “मुली, तुझा बाण बरोबर आहे आणि नकाशाही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या पृथ्वीवर उभे आहेत.” मग वहीच्या पानावर त्यांनी दोन लंबगोल काढले. आपले जुने नकाशे ज्या पृथ्वीच्या आकारावर बेतले, तो जॉर्ज एव्हरेस्ट यांनी 1830 साली काढलेला, भारताच्या मोजणीला चपखल बसणारा. त्याचं मूळ ठाणं मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. जीपीएस चालतं ते डब्ल्यूजीएस 84 या सगळ्या जगासाठी ठरवलेल्या आकारावर. दोन्हींत अक्षांश-रेखांश तेच लिहिले तरी जमिनीवरची जागा आमच्या भागात शंभर मीटरहून थोडी अधिक सरकते. 1:50,000 च्या नकाशावर ते अंतर दोन मिलिमीटरच्या वर भरतं. बाण नेमका तेवढाच चुकत होता.

सॉफ्टवेअरच्या यादीतून योग्य डेटम, म्हणजे नकाशा ज्या पृथ्वीवर बेतला तीच पृथ्वी, निवडला आणि शीटच्या रेघांच्या छेदांवर खुणा पुन्हा पक्क्या केल्या. पण अण्णा तेवढ्यावर उठले नाहीत. पडताळा घेतल्याशिवाय मोजणी पुरी होत नाही, म्हणाले. गाडी 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या भिंतीपाशी नेली. भिंत नकाशावर आहे, जमिनीवर आहे, आणि हललेली नाही. बाण भिंतीच्या टोकाशी येऊन थांबला तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि वहीत तारीख, वेळ, आकडा लिहिला.

त्यांनी दुसरं जे शिकवलं ते मला अधिक मोलाचं वाटतं. नकाशा म्हणजे मोजणी झाली त्या वर्षीचा कागद. निळवंडे धरणाचं काम तेव्हा चालू होतं, प्रवरेच्या काठचं चित्र बदलत होतं, आणि कितीतरी वाड्यांची नावं शीटवर नव्हतीच. म्हणून गाडी जाईल तिथला माग रोज जपून ठेवायचा, आणि वाडीचं नाव तिथे राहणाऱ्याच्या तोंडून घ्यायचं. ते स्वतः आमच्याबरोबर यायचे. प्रत्येक वाडीवर उतरून एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारायचे, “आजी, या जागेला तुम्ही काय म्हणता?” ती सांगेल तसं लिहायचे. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरं नाव असेल तर ते खाली, कंसात.

या सगळ्याची परीक्षा भाद्रपदातल्या एका रात्री झाली. घाटघरच्या बाजूच्या एका वाडीवर बाई अडली होती. निरोप एका शिक्षकाने आणला. ड्रायव्हर नवा, धुकं इतकं की दिव्याचा उजेड बोनेटवरच थांबत होता. शेंडीच्या मोकळ्या जागेत दोन मिनिटं थांबून रिसीव्हरला उपग्रह पकडू दिले, कारण पुढे कड्याच्या आडोशाला ते पकडायला वेळ लागतो. पडद्यावर आमचाच दिवसाउजेडी काढलेला तांबडा माग होता. सिस्टर मोठ्याने वाचत होती, आता उजवं वळण, पुढे मोरी, मोरीनंतर डावीकडे कच्चा रस्ता. ड्रायव्हर तेवढाच रस्ता बघत होता. तो कच्चा फाटा त्या धुक्यात कुणालाच दिसला नसता. त्या बाईला राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली.

पुढे वळण सांगणारे फोन आले, लॅपटॉप बाद झाला. आमचे सगळे माग आणि वाड्यांची नावं आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चढवली, म्हणजे ती कुणालाही फुकट मिळतात. अण्णांची अट तीच होती. डोळ्यांना दिसत होतं तोवर ते छापील कागदावर नावं तपासत राहिले आणि एका आजीने सांगितलेलं नाव मी शुद्ध करून लिहिलेलं त्यांनी पुन्हा तिच्या बोलीत आणून ठेवलं. राजूरचा मुलगा नाशिकला स्थिरावला आहे. चाचा गेले. शेड त्यांचा मुलगा चालवतो, आणि दवाखान्याच्या गाडीची मजुरी तोही घेत नाही.

संस्थेने दवाखान्याची ती ट्रॅक्स गाडी मोडीत काढली तेव्हा मी बोनेट उघडून बघितलं. वायर तशीच होती, लॅपटॉपनंतर तिच्यावर लहान मुलांना वाफ द्यायचं यंत्र चालत होतं. त्या फ्यूजसारखाच फ्यूज नव्या गाडीत पहिल्या दिवशी बसवून घेतला.

तुमच्या गाडीतही कुणी कॅमेरा, पडदा, इन्व्हर्टर, जादा दिवे असं काही जोडून दिलं असेल. एकदा बोनेट उघडा, तांबड्या वायरीचा माग काढा. बॅटरीच्या टोकापासून वीतभरात फ्यूज दिसला नाही, तर तो आधी बसवून घ्या.