कॉक्सच्या फोडी

स्लाव, मंगळवार रात्री

वहिनींस,

फोनवर धड बोलणं झालं नाही, मागे तुमचा मिक्सर चालू होता. म्हणून लिहिते. दादाचा गुडघा पुन्हा सुजला हे कळलं. त्याला जिना बंद म्हणजे बंद. इथे अजून थंडी सुरूच झाली नाही असं आमचे चिरंजीव म्हणतात, आणि मी दोन स्वेटरांवर ह्यांची शाल घेऊन बसले आहे. हीटर संध्याकाळी सहाला लागतो, नऊला बंद. गॅस महाग, त्यामुळे बोलायची सोय नाही.

आज कोलनब्रुकला जाऊन आलो. ह्यांच्या डोक्यात ते सफरचंद बसलंय, तुम्हाला माहीतच आहे. रिचर्ड कॉक्स म्हणून एकाने बिअर गाळायचा धंदा सोडून इथे घर केलं आणि १८२५च्या सुमारास बिया पेरल्या. त्यातून निघालं ते कॉक्सेस ऑरेंज पिपिन. बी रिब्स्टन पिपिनचं होतं असं म्हणत आले आहेत. पुढे १८५०च्या आसपास स्लावच्याच चार्ल्स टर्नरने आपल्या रोपवाटिकेतून त्याची कलमं विकायला काढली. बघायला म्हणाल तर काही नाही. डोक्यावरून विमानं जातात. हे मात्र एका कुंपणापाशी बराच वेळ उभे, माझ्या पायांचा बर्फ होईस्तोवर. चहा पावणेतीन पौंड, तोही फिका.

फेव्हरशॅम, शुक्रवार

कँटरबरीचं कॅथेड्रल पाहिलं. मोठं आहे.

स्टेशनावरच्या खिडकीतल्या माणसाबद्दल मात्र लिहायलाच हवं. तिकीट मागितलं तर मान वर न करता म्हणाला, मशीन. मशीन बंद. परत गेले, परत मशीन. रांगेत कोणी नाही, त्याच्या हातात सँडविच. एवढ्यात गाडी समोरून निघून गेली. आपल्या सातारा स्टँडवरचा कंट्रोलर निदान भांडतो तरी!

इथल्या ब्रॉगडेलला ब्रिटनचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे, सफरचंदांच्याच दोन हजारांवर जाती. मी दहाव्या पाटीनंतर वाचणं सोडलं. कॉक्स घेतलं, तीन पौंडाला किलो. (रुपयांत गुणायचं नाही अशी मला ताकीद आहे.) दिसायला अगदीच बेताचं, मुठीत मावेल एवढं. पिवळट हिरव्या सालीवर नारिंगी झाक, त्यावर लाल रेघा, देठाशी खरखरीत तपकिरी चट्टे. आपल्या मंडईत कोणी हातात धरणार नाही. बागेतल्या बाईंनी ते कानाशी धरून हलवायला लावलं. चांगलं पिकलं की आत बिया खुळखुळतात, आणि खुळखुळल्या. सुरीने फोडी केल्या, गर मलईच्या रंगाचा, घट्ट. आधी गोड लागतं, मग जिभेच्या कडेला आंबट धार येते, आणि गिळल्यावर मागे सुक्या मेव्याची चव राहते. वास हाताला तासभर होता. वहिनी, चार खाल्ली. जेवण टळलं, तेवढेच पैसे वाचले.

झाड म्हणे भारी कटकटीचं. खवड्या येतो, भुरी येते, फांद्यांना कँकर लागतो. एकट्या कॉक्सच्या परागाने फळ धरत नाही, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. उत्तरेच्या थंडीत नीट होत नाही. बी पेरून पुन्हा कॉक्स मिळत नाही, प्रत्येक झाड खुंटावर डोळा भरूनच. बाजाराला हे नखरे कुठले परवडायला? न्यूझीलंडमध्ये किड नावाच्या माणसाने कॉक्स आणि रेड डिलिशसचा संकर केला, त्या फळाचा पुढे गोल्डन डिलिशसशी. तो गाला. म्हणजे तुम्ही आणता ते रॉयल गाला कॉक्सचं नातवंड. गोडी आली, धार आली नाही. ह्यांना हे पटत नाही, पण माझं मत झालं आहे.

स्लाव, रविवार

ह्यांचा खोकला तसाच. चिवडा संपला. कॉक्सची एक पिशवी गॅरेजमध्ये कागदात गुंडाळून ठेवली आहे, नाताळपर्यंत चांगली राहतील म्हणतात, पण आमच्याकडून राहणार नाहीत. विमानातून फळं आणायची भानगड ह्यांना नको, तेव्हा वाट पाहू नका. दिवाळीच्या अनारशांचं पीठ मी आल्यावर बघू, तुम्ही एकट्या घाट घालू नका. आणि त्या पाण्याच्या फिल्टरवाल्याने गेल्या खेपेला जुनीच कांडी पुसून बसवली होती. मी येईपर्यंत त्याला एक पैसा देऊ नका.