गोठा नसलेलं घर बघा

परवा पुतणीसाठी एक स्थळ आलं. मुलगा बीएस्सी ॲग्री, आठ एकर बागायत, विहिरीला पाणी, पक्कं घर. मध्यस्थाचं सगळं सांगून झाल्यावर वहिनीने एकच विचारलं, "गोठ्यात जनावरं किती?"

"अकरा गाया. सगळ्या एचएफ!" तो अभिमानाने म्हणाला.

वहिनीने चहाचे कप उचलले. "मग नको. गोठा नसलेलं घर बघा."

मी तिथेच बसलो होतो. खरं सांगतो, मान वर करता येईना. कारण पाच वर्षांपूर्वी याच गोठ्यावर मी अर्धं पान लिहिलं होतं. स्वतःच्या घराची बातमी करू नये हे डिप्लोमात शिकवलं होतं, तरी केली. मथळा होता, 'दुग्धव्यवसायातून कुटुंब झाले स्वयंपूर्ण'. फोटोत दादा, गाय आणि नवं मिल्किंग मशीन. वहिनी फोटोत नव्हती. ती तेव्हा मागे वैरण टाकत होती.

बातमीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेणावर गोबरगॅस चालतो, स्लरी आणि शेणखत रानात जातं, रानातली मका कापून मुरघास होतो, तो पुन्हा गाईंच्या पोटात. ज्वारी, बाजरी, तूर घरची. परसात शेवगा, वांगी, मिरची, दहा-बारा कोंबड्या. तूप-ताक तर आहेच. बाजारातून आणायचं ते मीठ, साखर, चहापत्ती आणि तेल. शहरातले मित्र गावी आले की म्हणतात, "यार, असं जगायला पाहिजे!"

गेल्या दिवाळीनंतर दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी घातली. मी आठ दिवस गावी जाऊन गोठ्यात उभा राहिलो, तेव्हा माझ्याच बातमीत काय राहून गेलं ते कळलं.

पहाटे साडेचारला दिवस सुरू. शेण काढायचं, गव्हाणी झाडायच्या, कास धुवायची, पहिल्या धारा हाताने काढून बघायच्या, मग मशीन लावायचं. सव्वासहाला कॅन संकलन केंद्रावर. फॅट आणि एसएनएफ बघायचा, एसएनएफ साडेआठच्या खाली आला की दर कापला. घरी येऊन मशीन धुणं, कुट्टी, मुरघास, पाणी. दुपारी जरा पाठ टेकते तोवर चारला पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री एक गाय व्याली, वार लवकर पडेना. वहिनी कंदील घेऊन पहाटेपर्यंत तिच्याजवळ बसली आणि साडेचारला तशीच धारा काढायला उठली. मी मात्र झोपलो.

गाईला रविवार कळत नाही, पाडवा कळत नाही, घरातलं मयतसुद्धा कळत नाही. वहिनीचं माहेर अठरा किलोमीटरवर आहे. तिथे ती शेवटची मुक्कामी राहिली भावाच्या लग्नात, २०११ साली.

आता थोडा हिशेब. जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये दर ठरवला. त्याच हिवाळ्यात आमच्या केंद्रावर हातात पडत होते २६. जानेवारी २०२४ पासून ५ रुपये अनुदान आलं, पण त्यासाठी आधी गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा, खातं आधारला जोडलेलं हवं. दूध त्याच दिवशी जायचं, अनुदानाची मात्र वाट बघायची. त्या पावसाळ्यात आमच्या नगर जिल्ह्यातल्या कोतूळला दूध उत्पादक धरणं धरून बसले, ते उगाच नाही.

तेव्हा आमच्याकडे पाच गाया दुधात होत्या, रोज साठ लिटर. २६ प्रमाणे १,५६० रुपये. पशुखाद्य, सरकी पेंड, डॉक्टर, लाइट मिळून रोख खर्च अकराशे. उरले ४६०. घरच्या मक्याची किंमत यात धरलेलीच नाही. वहिनीचे सात तास, दादाचे सहा, आईचे दोन, म्हणजे पंधरा तास. तासाला तीस रुपये. आमच्या गावात खुरपणीला तीनशे रुपये रोज आहे, अकरा ते पाच. म्हणजे तासाला पन्नास.

केंद्राच्या हमीभावाच्या यादीत दूध नाही. पिकांचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी निदान कागदावर तरी धरतात. दुधाचा दर ठरतो तेव्हा तेवढंही होताना दिसत नाही. वहिनीचे सात तास कुठेच मोजले जात नाहीत. दुधाचं खातं दादाच्या नावावर, अनुदानही तिथेच.

मग आमचं घर स्वयंपूर्ण कशावर होतं? मुरघासावर नाही, गोबरगॅसवर नाही. एका बाईने चौदा वर्षं सुट्टी घेतली नाही, त्यावर.

सध्या दर तिशीच्या वर आहे म्हणून सगळं शांत आहे. म्हणूनच आत्ता बोलायला हवं. दर ठरवताना घरच्यांची मजुरी धरा. ज्या घरात बाई गोठा बघते तिथे दुधाच्या खात्यावर तिचंही नाव असू द्या. आणि दूध संस्थांनी गावात दोन-तीन तयार पोरं बदली म्हणून ठेवावीत, पैसे देऊन. हे काही अशक्य नाही. फिनलंडमध्ये जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला कायद्याने वर्षाला २६ दिवस सुट्टी आहे, तेवढे दिवस गोठा बदली माणूस सांभाळतो. आपल्याकडे सुरुवात चार दिवसांनी केली तरी चालेल.

आणि एक. पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून गावोगाव रडगाणं चालू आहे. "आजकालच्या मुलींना शेणात हात घालायला नको" असं आपण म्हणतो. मुलींनी शेण बघून नाही म्हटलेलं नाही हो. त्यांनी आपापल्या आया बघितल्यात.

ही पोस्ट टाकण्याआधी वहिनीला वाचून दाखवली. म्हटलं, तुमच्याबद्दल लिहितोय, चालेल ना?

ती म्हणाली, "लिहा की भावजी. पण आधी सांगा, परत आठ दिवस कधी येताय? मला माहेरी जायचंय."

पुढच्या सोमवारपासून गावी आहे. बातम्या कमी आल्या तर समजून घ्या.