टाकी

खंबाटकीच्या घाटात मे महिन्यात आमची प्रीमियर पद्मिनी हमखास थांबायची. पुण्याहून साताऱ्याला आजोळी जाताना शेवटच्या वळणांआधी ती आचके द्यायला लागली की बाबा काही न बोलता गाडी कडेला घेत. बॉनेट वर जाई. आई मागच्या सीटवरून फिरकीचा तांब्या आणि जुन्या धोतराचं फडकं पुढे करी. बाबा फडकं भिजवून इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोल पंपाभोवती गुंडाळत, आणि आम्ही भावंडं कठड्यावर बसून वाट बघत असू. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ ओढणं त्याला जमत नसे. पंप निवला की गाडी सुरू. घाटात बैलांना पाणी पाजतात तसं गाड्यांनाही पाजावं लागतं, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती.

पेट्रोलची टाकी सुटी अशी पहिल्यांदा पाहिली ती नाना पेठेत. गंजाचे कण येऊन कार्बोरेटरचं जेट सारखं तुंबत होतं, म्हणून मिस्त्रींनी टाकी उतरवली होती. त्यांनी तिच्यात रॉकेल आणि सायकलच्या चेनचे तुकडे घातले. मग दोन पोरांनी ती दोन्हीकडून धरून पाऊण तास खळाखळा हलवली. बाहेर आलं ते विटकरी, दाट, चहाच्या चोथ्यासारखं. एका शिवणीला डाग द्यायचा होता. त्याआधी मिस्त्रींनी टाकी पाण्याने काठोकाठ भरली, ओतली, पुन्हा भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. "भरलेल्या टाकीला एक वेळ भिऊ नको, रिकामीला भी," ते मला म्हणाले. रिकाम्या टाकीत उरते ती हवा आणि पेट्रोलची वाफ, आणि ठिणगीला नेमकं तेवढंच हवं असतं. पुढे इंजिनीअरिंगला हेच आलेखासकट शिकलो, पण मनात बसलं ते नाना पेठेतच.

मिशिगनमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मी १९६६ ची फोर्ड मस्टँग घेतली. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर डिअरबॉर्नच्या कारखान्यात ती बनली होती. या गाडीची टाकी पाहिली तेव्हा मी चाटच पडलो. डिकीच्या तळाला मोठं चौकोनी भगदाड आहे आणि टाकी वरून त्यात उतरवून कडेने स्क्रूंनी आवळली आहे. म्हणजे डिकीतली चटई उचलली की हाताला लागतो तो पत्रा टाकीचाच. १६ गॅलन, साधारण ६० लिटर, आणि आपल्या बॅगा त्याच्या डोक्यावर. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये फक्त पुठ्ठा. पेट्रोल भरायचं तोंड मागच्या दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये. ही गाडी कितीही देखणी असली तरी ही रचना मला आजही पटत नाही. मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर पुठ्ठ्याच्या जागी पोलादी पत्रा बसवला. मागच्या सीटवर माझी मुलं बसणार होती.

जुनं २८९ घन इंचाचं इंजिन दमलं होतं. त्याच्या जागी १९८९ च्या मस्टँगचं पाच लिटरचं, फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन बसवलं. दोन्ही एकाच घराण्यातली, त्यामुळे इंजिनाखालचं तेलाचं भांडं बदललं की जुन्या बैठकीवर नवं इंजिन बसतं. ते काम दोन हिवाळ्यांत झालं. टाकीचा मी विचारच केला नव्हता. पेट्रोल साठवते ती टाकी, तिला इंजिन कोणतं आहे याच्याशी काय करायचंय?

कार्बोरेटरला पाच-सहा पीएसआय दाब पुरतो. या इंजेक्शनला चाळीसच्या आसपास लागतो, टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. म्हणून टाकीच्या बाहेर चासीला एक इलेक्ट्रिक पंप लावला, तो जुन्याच नळीला जोडला आणि परत येणारं पेट्रोल टाकीत सोडायला एक वाट केली. भरल्या टाकीवर गाडी अशी पळाली की मी त्याच रात्री पुण्याला फोन केला. काटा पावच्या खाली आला आणि हायवेवरून उतरणाऱ्या गोल रस्त्यावर इंजिन एकदम मेलं. मागे ट्रक होता. गाडी उतारावरून कशीबशी कडेला आली. सरळ रस्ता आल्यावर ती पुन्हा सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

त्या रात्री गॅरेजमध्ये बसून विचार केला तेव्हा आठवला तो पद्मिनीचा कार्बोरेटर. त्याच्या पोटात एक छोटी वाटी असते, तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो आणि वाटीभर पेट्रोल कायम शिल्लक असतं. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला धावलं, पंपाने चार घोट हवा ओढली, तरी इंजिन त्या वाटीवर तेवढा वेळ काढतं. इंजेक्शनला अशी वाटीच नाही. क्षणभर हवा आली की दाब कोसळला, इंजिन बंद. इतकी वर्षं ज्या कार्बोरेटरला मी तुंबणारं, नाजूक यंत्र समजत होतो तो टाकीची केवढी उणीव मुकाट झाकत होता! ती वाटी मी इंजिनावरून काढून टाकली होती. आता ती टाकीतच करायला हवी होती.

जुन्या टाकीतच सुधारणा करावी, असं फार वाटत होतं. तिच्या आत गंजू नये म्हणून शिसं आणि कथील यांचा मुलामा असतो. इथल्या पेट्रोलमधल्या दहा टक्के इथेनॉलने तो जागोजागी खाल्ला होता. आत टॉर्च मारला तर तोच विटकरी रंग दिसला, नाना पेठेतला. वेल्डिंगवाल्याने टाकी हातात घेतली, वास घेतला आणि नम्रपणे परत केली. मला राग आला नाही.

मग नवी टाकी आणली. बाहेरून हुबेहूब जुनीसारखी, त्याच भगदाडात बसणारी. पण आत एक उथळ परात, भोवती आडव्या भिंती, आणि परातीत पेट्रोलमध्ये बुडालेला पंप. वळणावर पेट्रोल कुठेही पळालं तरी परातीतलं चटकन बाहेर जात नाही. आणि पंप आता इंजिनाच्या उष्णतेत नाही, सगळ्यात थंड जागी आहे. भोवतालचं पेट्रोलच त्याला निववतं. फडकं लागत नाही.

बारीकसारीक कामं मात्र बरीच होती. मूळ काटा खरं बोलावा म्हणून टाकीतल्या फ्लोटचा रोध जुन्या फोर्डच्या हिशेबाने जुळवावा लागतो, टाकी रिकामी असताना ७३ ओहम, भरलेली असताना १०. उंच दाबाला टिकणारे पाइप घ्यावे लागतात. साधा पाइप फुटला तर गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडतो, तिथे काटकसर करणं हा मी गुन्हा समजतो. गाडी उलटली तर हवेच्या नळीतून पेट्रोल सांडू नये म्हणून तिला झडप हवी. आणि धडक बसताच पंप बंद पाडणारं बटण डिकीत बसवलं, फोर्ड स्वतः इंजेक्शनवाल्या मस्टँगमध्ये बसवत असे तसंच.

सगळ्यात जास्त मी बोललो ते परतीच्या नळीबद्दल. जुन्या गाडीत पेट्रोल एकदा टाकीतून निघालं की निघालं. इथे पंप सतत गरजेपेक्षा जास्त पाठवतो, इंजिन हवं तेवढं घेतं आणि उरलेलं परत येऊन परातीतच पडतं. बाबांना फोनवर हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते.

"म्हणजे न जळता नुसतं फिरून येतं?"

"हो, बरंचसं."

"मग येताना गरम होऊन येत असेल."

अगदी खरं होतं. लांबच्या प्रवासात टाकीचा पत्रा हाताला कोमट लागतो.

आई गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात बाबा इथे आले. त्यांनी आधी जुनी टाकी पाहिली, गॅरेजच्या भिंतीला मी ती उभी करून ठेवली आहे. बोटाने वाजवली, तोंडाशी नाक नेलं. मग गाडीत बसले. मी किल्ली फिरवली तशी मागून दोन सेकंद बारीक घूं ऐकू आली, पंप दाब भरतो तेव्हाची. बाबांनी चटकन मान मागे वळवली. त्यांच्या आयुष्यात पेट्रोलचं काहीही बिनसलं तरी ते नेहमी पुढे, बॉनेटखाली बिनसलं होतं.

ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी रांग निघते, १९९५ पासून. आम्ही गेलो. ऊन रणरणत होतं, गाड्या हातभर सरकून थांबत होत्या, आणि कडेला एकेक बॉनेट उघडं पडायला लागलं. बाबांनी खिशातून रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला, हलकेच पिळला आणि मुठीत धरून बसले. नजर समोरच्या बॉनेटवर. मी काही बोललो नाही. तासभर तसेच सरकलो, मग मोकळ्या रस्त्याला लागलो.

घरी पोचलो तेव्हा त्यांच्या मुठीतला रुमाल वाळून गेला होता.