शेवट ठाऊक असलेली गोष्ट

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्याची पंचाईत अशी की शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. १७७३ सालचं पुणं घ्या. ३० ऑगस्टला, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गारदी शनिवारवाड्यात घुसणार आणि नारायणराव पेशवे मारले जाणार, हे शाळकरी पोरही सांगेल. माझ्या कादंबरीतला फडावरचा कारकून मात्र श्रावणात निवांत बोरू तासत बसलेला असतो आणि शेजारच्या वाड्यातली बालविधवा त्याच्या वाटेकडे डोळे लावून असते. कळत नाही ते फक्त त्या दोघांना.

डायना गॅबल्डननं 'आउटलँडर'मध्ये (१९९१) हे कोडं सोडवलं. दुसऱ्या महायुद्धात काम केलेली एक नर्स स्कॉटलंडमधल्या उभ्या दगडांच्या रिंगणातून थेट १७४३ मध्ये पोचते. १७४६ साली कलोडनच्या माळावर हायलँडर लोकांची कत्तल होणार हे तिला पक्कं माहीत, आणि जीव जडतो तो नेमका एका हायलँडरवर. एरवी वाचक एकटाच सोसतो ती धाकधूक आता तिच्याही वाट्याला येते. दोघं भेटतील का, हा प्रश्न मग मागे पडतो. सांगावं का, आणि सांगितलं तर ऐकणार कोण, इथं गोष्ट तापते. लोकांना यातली जादू आवडते असं म्हणतात. मला वाटतं, त्यांना हे ओझं आवडतं.

मला दगड आणायची गरज नव्हती. आपली भुतं काय कमी आहेत? मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अळवंत, सवाष्ण गेली ती जखीण. आयुष्य ज्या पायरीवर अडलं, तिचंच नाव भुताला. अर्धं कथानक तिथंच तयार! शिवाय त्या काळाला यात अद्भुत काहीच नव्हतं. चेटकाच्या, भुतं घातल्याच्या तक्रारी पेशवे दफ्तरातही सापडतात. भुताखेतांना वगळून लिहिलेलं अठरावं शतक मलाच खोटं वाटतं.

(शनिवारवाड्यातल्या, नारायणरावांच्या त्या प्रसिद्ध किंकाळीच्या वाटेला मात्र मी जात नाही. फार वापरून झाली ती.)

माझा मुंजा कात्रजच्या नळात राहतो. तलावाचं पाणी दगडी भुयारातून शहरातल्या हौदांत यायचं आणि वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधलेले असत, जमिनीवर धुराड्यासारखे उभे. रात्रीची तोफ झाली की जित्या माणसाला रस्त्यावर फिरायची चोरी. मुंज्याला कोण अडवतो? हा पोरगा मेलाय १८२८ च्या आगीत, शनिवारवाडा जळाला त्या. भुताला पुढचं-मागचं सारखंच, म्हणून पंचावन्न वर्षं अलीकडे येऊन तो त्या बालविधवेशी बोलतो. नारायणरावांची हकीकत त्यानं आजीकडून ऐकलेली.

नियम एकच: नळाला पाणी असेल तरच आवाज. वैशाखात तो गप्प, म्हणून ती वेडीपिशी. भाद्रपदात पाणी धो धो, आणि तिला दिवसासकट सगळं ऐकू येतं.

आता तिनं हे कारकुनाच्या गळी उतरवायचं कसं? तो हिशेबाचा माणूस, कागदावर शिक्का नसेल तर सख्ख्या भावाचंही खरं न मानणारा. बारावं प्रकरण सध्या तिथंच अडलंय.