तीन सुतांचा फरक

"तुझा पिकअप सरळ चाललाय, पण मागची खोली तिरकी दिसतेय रे," मागून येणाऱ्या मित्राचा फोन. आम्ही आय-७५ वरून उत्तरेला, मॅकिनॉच्या पुलाकडे निघालो होतो. मित्र मूळचा सांगलीचा, डेट्रॉइटला माझ्यासारखाच मोटारींच्या धंद्यात. त्याच्या बोलण्यातली थट्टा वजा केली तरी बाकी काहीतरी उरतंच. पुढच्या रेस्ट एरियात थांबलो आणि टायरपाशी उकिडवा बसलो.

'खोली' म्हणजे आमचा ट्रॅव्हल ट्रेलर. पिकअपला जोडून ओढायचं २६ फुटी घर. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, सगळं. खाली एकामागे एक दोन ॲक्सल, कमानपाट्यांवर यू-बोल्टने आवळलेले. चारही चाकं जागची वळत नाहीत. बिघडण्यासारखं तिथे फारसं काही नाही, म्हणूनच तिकडे वाकून कोणी बघत नाही.

मागची दोन्ही चाकं ठीक होती. पुढच्या ॲक्सलवर मात्र डाव्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत झाली होती आणि उजव्याची बाहेरची. टायरवरून आडवा तळहात फिरवला, तर एका दिशेने मऊ लागे आणि उलट फिरवला की नक्षीची प्रत्येक धार बोटांना टोचे. टायर नुसता गोल फिरत नव्हता, रस्त्यावर कडेकडेने खरवडत चालला होता. जवळच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने बघितलं. पुढचे दोन्ही टायर मागच्यांपेक्षा चांगलेच तापलेले.

झिजलेला टायर बरंच काही सांगतो. हवा कमी असेल तर दोन्ही कडा जातात, जास्त असेल तर मधला पट्टा. वजनाने ॲक्सल मध्ये खचला, तर दोन्ही चाकांच्या आतल्या कडा झिजतात. इथे एकाची आतली आणि दुसऱ्याची बाहेरची. म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांचं तोंड डावीकडे होतं. मागचा ॲक्सल सरळ जायला बघतोय आणि पुढचा, बैलजोडीतल्या एखाद्या खोडकर बैलासारखा, सारखा बांधाकडे ओढतोय. म्हणून मित्राला खोली तिरकी दिसत होती.

वेग कमी ठेवून सहल पुरी केली. परत आल्यावर एका गॅरेजवाल्याने खाली डोकावून निकाल दिला, "ॲक्सल वाकलाय, दोन्ही बदलून टाका." टेप नाही, पट्टी नाही, नुसती नजर. दुसऱ्याने टायरच्या कंपनीला शिव्या घातल्या. ट्रेलरच्या टायरांना नावं ठेवणं हा इथल्या कॅम्पग्राउंडवरचा आवडता उद्योग आहे. टायर वाईट असतीलही, पण वाईट टायर नेमका एकाच कडेने कशाला झिजेल? शिवाय तो टाकून नवा घातला की हातातला पुरावाही गेला. मी दोघांनाही नमस्कार केला आणि ट्रेलर घरी आणला.

आधी वजनाची शंका मिटवली. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर दोन्ही ॲक्सलवर मिळून ६,१०० पौंड भरले. प्रत्येक ॲक्सलची क्षमता ३,५०० पौंड, म्हणजे भार आटोक्यात. हवाही टायरवर छापल्याप्रमाणे ६५ पीएसआय होती.

मग मोजमाप. यात एक गोम आहे. दोन ॲक्सलचा ट्रेलर आखूड वळणावर वळवला की चाकं आडवी घासतात, टायर पिळवटतात, पाटेसुद्धा एका अंगाला कलतात. शेजारी उभं राहून हे बघवत नाही. ड्राइव्हवेमध्ये मागे घेऊन लावलेला ट्रेलर तसाच मोजला, तर तो पीळच मोजला जातो. म्हणून तो सपाट जागेवर नेला, थोडा सरळ पुढे ओढला, चाकांना ठोकळे लावले, पिकअप सोडवला आणि सांगाडा समपातळीत आणला. सामान आतच ठेवलं, कारण रस्त्यावर तो सामानासकटच चालतो.

पुण्याच्या बोहरी आळीतून घेतलेला पितळी ओळंबा पिकअपला जोडायच्या कपलरच्या मध्यातून सोडला आणि जमिनीवर खडूने फुली केली. तसाच प्रत्येक हबच्या मध्यातून. टेपचं टोक कपलरखालच्या फुलीवर मी धरलं, पुढच्या ॲक्सलपाशी आकडा वाचायला बायको बसली.

"उजवीकडे किती?"

"१५ फूट ५ इंच."

"आणि डावीकडे?"

"१५ फूट ५ इंच... वर तीन सूत. थांब, ताणून धर, पुन्हा बघते." पुन्हा तेच.

इथे फार तर एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा, फरक चालतो. पण कपलरच मधोमध नसेल तर? म्हणून मागचा ॲक्सलही त्याच फुलीपासून मोजला. डावं-उजवं सुताच्या आत जुळलं. दोन ॲक्सलमधलं अंतर मात्र डावीकडे तीन सूत कमी. म्हणजे मागचा गुण्यात होता आणि पुढच्याचं डावं टोक मागे सरकलं होतं. ॲक्सल वाकलाय का, हेही बघून घेतलं. टायरवर रेघ मारून दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं, फरक नगण्य. चाक उचलून हलवलं, बेअरिंगमध्ये खेळ नव्हता.

आता खाली झोपून बघायचं काम उरलं. डाव्या पाट्याच्या बैठकीशी लालसर भुकटी साठली होती आणि तिच्या शेजारी नखाएवढी चकचकीत घासलेली जागा. दोन लोखंडं एकमेकांवर सरकत राहिली की अशी खूण उमटते. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो. त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसतं आणि ॲक्सलला जागेवर ठेवतं. ते तुटलं होतं. यू-बोल्ट सैल झाले, सगळा ताण त्या एका बोल्टवर आला आणि तो कातरला गेला. मिशिगनमध्ये मार्च-एप्रिलला बर्फ वितळलं की रस्त्यांना जे खड्डे पडतात, ते बघता यू-बोल्ट सैल झाले यात नवल नाही.

ट्रकच्या पाट्यांचं काम करणाऱ्या दुकानात हे आकडे लिहिलेला कागद दाखवला. म्हाताऱ्या कारागिराने तो वाचला, खाली एकदा टॉर्च मारली आणि ॲक्सल बदलायचं नावही काढलं नाही. जॅक लावला तोही सांगाड्याखाली. ॲक्सलच्या नळीखाली लावला की चांगला ॲक्सलही वाकू शकतो. नवा मधला बोल्ट, यू-बोल्टही नवेच, कारण एकदा ताणून बसलेले पुन्हा वापरायचे नाहीत. ॲक्सल जागेवर आणून टॉर्क रेंचने आवळला. पुन्हा टेप लावली. दोन्ही बाजूंत अर्ध्या सुताचाही फरक नव्हता.

पुढचे दोन टायर बदलावेच लागले. एकदा तिरकी झीज धरली की ॲक्सल सरळ केल्यावरही टायर मूळपदावर येत नाही. पहिल्या छोट्या फेरीनंतर नट पुन्हा आवळले आणि प्रत्येक नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली. निघण्याआधी आता तिथे टॉर्च मारतो. रेघ तुटलेली दिसली, तर आधी पाना, मग प्रवास.