दोन कड्या

इटलीतील गार्डा सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून ६५ मीटरांवर, तर रीवा गावामागील ‘चिमा सात’ शिखर सुमारे १२५० मीटरांवर. वाटेजवळ संत बार्बराचे चिमुकले चॅपेल आहे. जलविद्युत केंद्राच्या कामावरील मजुरांनी ते १९२५ साली उभारले. पुढे उभ्या कड्यावर लोखंडी शिड्या. त्यांतील एकीच्या मध्यावर आमच्या एका सोबत्याचे हातपाय गळाले. पोलादी दोरात अडकविण्यासाठी प्रत्येकाच्या कमरेला दोन कड्या असतात. एक पुढच्या टप्प्यात अडकविल्याखेरीज दुसरी सोडावयाची नाही, हा नियम. “शिखराकडे पाहू नकोस, एक कडी हलव,” आम्ही म्हणालो. त्याने हलविली, मग दुसरी. श्रद्धेचा मार्गही असाच नव्हे काय? संकटात देव दर वेळी डोंगर हलवीत नाही. पुढचा आधार हाती लागेपर्यंत मागचा तेवढा सुटू देत नाही.